वाईला न पोचलेली शेळी

मेहरुनचाचीची शेळी शेवटी वाईला पोचली का न्हाई, हे आमच्या आळीत अजून कुणालाच ठाऊक नाही. आळीतल्या दोन पिढ्यांची पोरं त्या शेळीबरोबर निघाली आणि वाटेतच झोपली. कुणी आटपाडीच्या ओढ्यात पेंगलं, कुणी मायणीच्या तळ्याकाठी. लालासाहेब हवालदाराचा धैर्यशील म्हणजे लय चिवट पोरगं. ते एकदा वडूजपतोर जागं राहिलं होतं असं सांगतात. आता तो बापासारखाच फौजेत आहे, कुठंतरी बर्फात. घरी फोन केला की आईला आधी म्हशीचं विचारतो, मग बापाचं, आणि मग म्हणतो, "चाचीची शेळी कुठपतोर आली गं?"

गोष्ट अशी की तिच्यात काही घडतच नाही. एक शेळी होती, पांढरी, एक कान काळा. तिनं कुणाकडनं तरी ऐकलं, वाईला कृष्णामाईचं पाणी लय गोड हाय. मग ती निघाली. चालली, चालली, चालली. बाभळ दिसली. थांबली. एक शेंग खाल्ली. दुसरी खाल्ली. सावलीला बसली. रवंथ केला. उठली. चालली, चालली. गोष्टीत लांडगा नाही, राक्षस नाही, राजा तर नाहीच. चाची हे सांगता सांगता पोराच्या पाठीवर थापटायची, आणि ते थापटणं शेळीच्या पायाच्या चालीनं पडायचं. दुसऱ्या बाभळीपतोर पोराची मान कलंडायची.

आळीतल्या बायकांना हे लय सोयीचं. खुरपायला जायचं असलं, सोसायटीत जायचं असलं, की पोर चाचीच्या ओट्यावर टाकायचं. मराठ्याचं, धनगराचं, सुताराचं, सगळी पोरं दुपारच्याला तिथं एका वाकळेवर आडवी. जात झोपंत दिसत न्हाई, असं लीलाबाई म्हणायची. लीलाबाई म्हणजे लालासाहेबाची बायको. चाचीच्या आणि तिच्या घराची भिंत एकच. त्या भिंतीला वरच्या अंगाला एक खिडकीएवढं भगदाड आहे. त्यातनं विस्तव, विरजण आणि शिव्या इकडनं तिकडं जातात.

चाची नदाफाच्या घरातली. नदाफ म्हणजे पिंजारी. तिचा नवरा रसूल खांद्यावर पिंजण, म्हणजे कापूस पिंजायचं धनुष्य, टाकून गावोगाव गाद्या भरत फिरायचा, आणि चाची बरोबर. तो कापूस पिंजायचा, ती खोळ भरून टाके घालायची. दिवाळी झाली की निघायचं आणि शिमग्याच्या पुढं परत यायचं. आटपाडी, मायणी, वडूज. पुढं फोमच्या गाद्या आल्या, मग पिंजायची मशीनं आली, मग रसूलच गेला. पिंजण राहिलं. मधल्या खोलीत, जुन्या लुगड्यात गुंडाळून, दोन खुंट्यांवर आडवं टांगलेलं. माणूस झोपल्यागत दिसायचं.

या दोघांचा एकुलता अजीम. तो विशीच्या आत गावातल्या एका गलाईवाल्याच्या मागं केरळात गेला. जुनं सोनं आटवून त्यातली खोट काढायची, ह्याला आमच्याकडं गलाई म्हणतात. त्या धंद्यापायी आमच्या भागातली निम्मी घरं देशभर पांगलेली आहेत. कुणाच्या पोराला तमिळ येतं, कुणाची सून बंगाली गुणगुणते. त्यामुळं अजीमनं त्रिचूरची मुबीना केली तेव्हा आळीनं फार तोंड वासलं नाही. लीलाबाई एवढंच म्हणाली, "सोन्याच्या गावातनं सोनं आणायचं सोडून बायकू आणलीस व्हय रं?"

यंदा अजीमच्या मालकानं त्रिचूरचं दुकान हलवायचं काढलं. दुकानावरचीच खोली ह्यांना राहायला होती, तीही गेली. म्हणून अजीमनं बायको-पोरं गावी आणून सोडली. पाच वर्षांची जीनत, आणि नुकता पाय टाकायला लागलेला फरदीन. नवी खोली मिळेपतोर ऱ्हाऊ देत, असं त्यानं आईला सांगितलं, आणि वर म्हणाला, "रमली तर कायमचीच ऱ्हातील. हितल्या शाळंत घालू जीनतला."

हे 'कायमचीच' चाचीनं पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवलं. म्हातारपणाला नातवंडं घरात, एवढंच तिला हवं होतं. दुसरं काही तिनं कधी मागितल्याचं आळीला आठवत नाही.

घर तसं बघता बघता लागलं. मुबीना पोरांशी मल्याळम बोलायची, चाची पोरांशी आपली गावरान, आणि सासू-सुनेनं एकमेकींशी मोडकी हिंदी धरली होती. ती दोघींचीही नव्हती, म्हणून तीत भांडताही यायचं नाही. जीनत मधे बसून इकडचं तिकडं करायची; आई तिची उम्मा, बाप उप्पा. बाप गावाकडं फोनवर बोलायचा ते ऐकून शिकलेली तिची मराठी थेट आटपाडीच्या बाजारातली होती. चुलीवर एकीकडं ज्वारीची भाकरी, दुसरीकडं खोबऱ्याच्या रसातली आमटी. मुबीनाची भाकरी तव्यावर पडायच्या आधीच तिचे दोन तुकडे व्हायचे. मग जीनत मोठा तुकडा घ्यायची आणि लहान तुकडा आईला द्यायची. लेकरांच्या डोक्यावर मुबीना खोबरेल असं ओतायची की लीलाबाई भगदाडातनं म्हणायची, "डोस्की हायती का पणत्या? वात तेवढी लावायची ऱ्हायली बघ."

सगळं जमत होतं. फरदीन झोपत नव्हता, एवढंच.

झोपत नव्हता म्हणजे डोळाच लावत नव्हता. जरा पापणी जड झाली की दचकून उठायचा, इकडंतिकडं बघायचा आणि रडायचा. कुणीतरी आपलं काहीतरी नेलंय, अशा तऱ्हेचं ते रडणं होतं. दूध तोंडाला लावेना. गालफडं बसली. मुबीना त्याला खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या घालायची. तिच्या डोळ्यांखाली काळं पडलं.

चाची पहिल्यांदा बिनघोर होती. तिनं पोराला मांडीवर आडवा घेतला आणि शेळी काढली. शेळी आटपाडीतनं निघाली, मायणीत पाणी प्याली, वडूजला पोचली, वडूजच्या शिवेवर येऊन उभी राहिली. फरदीन टकामका चाचीच्या तोंडाकडं बघत होता. वडूजच्या पुढं शेळी कधी गेलीच नव्हती, कारण तिथवर कधी कुणी जागंच राहिलं नव्हतं. चाचीला पुढं काय सांगावं ते सुचेना. तिनं शेळी परत आटपाडीला नेली. तरी पोरगं जागंच. शेजारच्या रंगुबाईची दोन्ही नातवंडं मात्र पडल्या पडल्या घोरायला लागली.

"कुणाची तरी नजर लागलीया त्याला," लीलाबाई म्हणाली. "दिष्ट काढूया."

तिनं मीठ-मिरच्या उतरून चुलीत टाकल्या. त्या ठसक्यानं घरातली सगळी माणसं खोकत अंगणात आली, आणि फरदीन आणखीनच तरतरीत झाला. चाची पिराच्या दर्ग्यावरनं पाणी फुंकून घेऊन आली. तेही झालं.

मग लालासाहेबांनी सूत्रं हातात घेतली. हवालदार म्हणून फौजेतनं पेन्शनीत उतरले त्याला जमाना झाला, पण माणूस अजून कुणीतरी हुकूम विचारायला येईल म्हणून दाढी करून बसलेला असतो. त्यांनी विचार करून सांगितलं, "आपल्या आळीत कालवा लय हाय. लेकरू मोठ्या शेरातनं आलंय. त्याला शांतता पायजे."

दुसऱ्या दिवसापासनं दुपारची आळी बंद. लालासाहेब काठी घेऊन तोंडाशी खुर्ची टाकून बसले. भंगारवाल्याला माघारी लावलं. भाजीचा टेम्पो भोंगा बंद करून ढकलत न्यायचा, असा हुकूम सुटला. सुताराच्या जोतीरामानं रंधा खाली ठेवला. कोंबडा डालग्याखाली. लालासाहेबांच्या म्हशीच्या गळ्यातली घंटा काढली. मारुतीच्या देवळातल्या घंटेला कुणीतरी फडकं गुंडाळलं. कुकरची शिट्टी बंद, म्हणून घरोघर डाळ कचकचीत. लीलाबाईला हळू बोलणं जन्मात जमलेलं नाही. तिला तर बोलायचीच बंदी झाली. ती भगदाडातनं नुसती खाणाखुणा करायची, आणि त्या बघून जीनत हसून लोळायची, तर लालासाहेब तिलाही डोळे वटारायचे.

अशी शांतता आमच्या गावानं कधी बघितली नव्हती. लिंबाचं पान पडलं तरी कळावं. ऊन भिंतीवरनं सरकताना ऐकू येतंय की काय असं वाटायचं. अख्खी आळी त्या गुंगीत बुडाली. जोतीराम रंध्यावर डोकं टेकून झोपला, रंगुबाई सुपावर कलंडली, काठी हातात धरून लालासाहेब खुर्चीत घोरायला लागले. जागा एकटा फरदीन. तो ओट्यावर मधोमध बसलेला, डोळे ताठ, कान टवकारलेले, आणि सगळ्या गावाची झोप बघत असलेला.

हे असं चाललं, आणि एके दिवशी दुपारी मुबीनानं बॅग ओढली. सगळ्यात आधी तिनं त्यात खोवणी घातली. नारळ खवायची ती खोवणी तिच्या आईनं दिलेली, त्रिचूरहून पोटाशी धरून आणलेली. मग पोरांचे कपडे.

चाची दारात उभी राहून बघत होती. तिनं जीनतला विचारलं, "काय म्हणती गं तुजी उम्मा?"

"उम्मा म्हणती, उप्पाला फोन केलाय. जुम्म्याची नमाज झाली की तो गाडीत बसणार. मग आमी नानीकडं जाणार."

"आन परत?"

जीनतनं आईला विचारलं. मुबीनानं हातातलं झबलं बॅगेत ठेवलं. तिनं सासूकडं बघितलं आणि हिंदीत म्हणाली, "बच्चा मर जाएगा, उम्मा. क्या करूं." त्यात राग नव्हता. रागाला लागणारी ताकदही तिच्यात उरलेली नव्हती.

चाची फरदीनला काखेत घेऊन परसात गेली आणि लिंबाखाली बसली. ज्या बाईनं सबंध गाव झोपवलं तिला घरचं एक पोर झोपवता येईना, आणि त्यापायी घर मोकळं व्हायची वेळ आलेली. पदराची गाठ ती बोटानं चाचपत होती.

इकडं लालासाहेबांच्या म्हशीनं हंबरडा मांडला. बिचारीला शांततेपायी धड वैरण मिळाली नव्हती. कडब्याची कुट्टी करायचं मशीन थ्री फेजवर चालतं, आणि थ्री फेज त्या आठवड्यात नेमकी दुपारचीच यायची. लालासाहेबांनी बराच वेळ म्हशीकडं बघितलं, म्हशीनं त्यांच्याकडं.

"आगं, आता म्हस उपाशी मारू का?" ते लीलाबाईला म्हणाले. "न्हाई तरी पोरगं कुटं झोपतंय?" आणि त्यांनी बटण दाबलं.

कुट्टीच्या मशीनचा आवाज ज्यानं ऐकलाय त्याला सांगायला नको. आधी घुंऽऽऽ करून उठतं, मग पात्यात कडबा गेला की खडाड खडाड खडाड. भिंत हादरली. भगदाडातली माती पडली. जोतीराम रंध्यावरनं उठला, रंगुबाई उठली, आणि लीलाबाईनं इतक्या दिवसांची तुंबलेली सगळी बडबड एकदम नवऱ्यावर सोडली, "आवं, अक्कल गहाण टाकली का वो? बाळ—" आणि बोलता बोलता ती परसात आली नि थांबली.

फरदीन चाचीच्या खांद्यावर होता. तोंड उघडं, लाळ गळतीय, एक हात लोंबकळतोय. झोपलेला.

मुबीना धावत आली. तिनं आधी पोराच्या नाकापाशी बोट धरलं. मग तिथंच लिंबाला टेकून बसली. मशीन धडधडत होतं, आणि आळीतली माणसं एकेक करून येऊन झोपलेलं पोरगं बघून जात होती, नवं खोंड बघावं तशी. लालासाहेबांची वैरण संपली, तरी लीलाबाई खुणेनं म्हणत होती, घाला, अजून घाला. त्यांनी पुढल्या चार दिवसांचा कडबा पात्यात घातला.

मग लाईट गेली. मशीन घुंऽऽ करत मरत आलं, थांबलं. लिंबाखाली ती तसली शांतता पसरली, आणि फरदीननं डोळे उघडून भोकाड पसरलं.

चाचीनं त्याला थोपटत जीनतला जवळ ओढलं. "खरं सांग गं बाय. तिकडं तुमच्या घरात दुपारचं काय काय वाजायचं?"

जीनतला हे कुणी विचारलंच नव्हतं. ती मांडी घालून बसली आणि सांगायला लागली. खाली उप्पाची भट्टी, तिचा पंखा घूंऽऽ करायचा. भट्टीशेजारी एक काका सोनं ठोकायचा, ठक ठक ठक. पलीकडं दुसरा. त्याच्या पलीकडं तिसरा. रस्त्यावर बस. बाळाचा पाळणा भट्टीच्या बरोबर वर होता, आन जमीन गरम असायची, आन पाळणा आपला आपणच थरथरायचा. आईला मधे मधे विचारून तिनं आणखी भर घातली. कधी तिकडं भट्टी बंद असली, म्हणजे ईद-बीद असली, तर फरदीन झोपायचा न्हाई. "उम्मा म्हणती, तवा आमाला वाटायचं सणाचं झोपत न्हाई."

लीलाबाईनं कपाळावर हात मारला. "आन आमी कोंबड्याचं तोंड बांदलं."

"आता रोज कुट्टी करायची म्हणलं तरी लाईट पायजे," लालासाहेब म्हणाले. "आन कडबा कुटं हाय एवढा."

चाची उठली. पोराला मुबीनाकडं दिलं आणि मधल्या खोलीत गेली. खुंटीवरचं लुगडं सोडलं. पिंजण खाली घेतलं. माणसाच्या उंचीचं ते धनुष्य, त्याची तात अजून ताणलेली. तिनं नखानं ती छेडली. खोलीतल्या हंड्यांनी एकदम ओ दिल्यासारखं केलं.

पण रिकामं पिंजण वाजवायचं नाही, असं पिंजाऱ्याच्या घरात असतं. कापूस नसताना तात वाजवली की घरातलं काम संपतं म्हणतात. चाची माळ्यावर चढली आणि रसूलची गादी खाली ओढली. तो गेल्यापासनं ती गुंडाळलेलीच होती.

"आगं, ती नगं उसवू," लीलाबाई म्हणाली.

"का? गुठळ्या तर झाल्यात," असं म्हणून चाचीनं विळीनं शिवण कापली.

कापूस जमिनीवर पसरला. तिनं पिंजण दोरीनं वर अडकवलं, डाव्या हातात धरलं, उजव्या हातात लाकडी मोगरी घेतली, आणि तातेवर मारली. ट्वँव. पुन्हा. ट्वँव, ट्वँव, ठक. ट्वँव, ट्वँव, ठक. कापूस तातेला चिकटायचा, थरथरायचा, सुटून उडायचा. झरोक्यातनं उन्हाची एक तिरीप खोलीत आली होती. तिच्यात पांढरे पुंजके चढत होते, उतरत होते, मधेच थांबत होते, खाली यायचं का वर जायचं ह्याचा विचार करत असल्यासारखे. जमीन पायाखाली बारीक कापत होती. चाचीनं सांगितल्यावरनं मुबीनानं पोराला त्याच जमिनीवर, वाकळेवर ठेवलं.

फरदीननं एकदा वर बघितलं. एक पुंजका त्याच्या नाकावर बसला. तो काढायचा म्हणून त्यानं हात उचलला, आणि हात अर्ध्या वाटेवरच राहिला. झोपला.

"अजीम ह्याच आवाजात वाढला," चाची वाजवता वाजवता म्हणाली. "माज्या ध्यानातच न्हाई आलं. शेळी पोरास्नी झोपवती असं मला वाटायचं."

लालासाहेब दारात उभे होते. "ती तात कशाची असती गं चाची?"

"शेळीच्या आतड्याची."

"मग बराबर हाय. ती वाईला कशी पोचंल? तिची तात झाली की." लीलाबाईनं त्यांना कोपरानं ढोसलं.

तेवढ्यात अजीमचा फोन आला. तो तिकिटाचं विचारत होता. मुबीनानं सरळ फोन पिंजणाजवळ जमिनीवर ठेवला. पलीकडनं भट्टीचा पंखा तेवढा ऐकू येत होता. इकडनं तात, तिकडनं पंखा. शेवटी चाचीच ओरडली, "आरं, जागा हायस का? भट्टी पेटलीया न्हवं?"

"जागा हाय," अजीम म्हणाला. आवाज मात्र जड होता. "अब्बांचं पिंजण हाय ते?"

मुबीनानं फोन उचलला आणि मल्याळममधे दोन-चार वाक्यं बोलली. जीनतनं ती लगेच आळीला सांगितली. "उम्मा म्हणती, तिकीट नगं. पर येताना तांबडा तांदूळ आण."

मग तिनं बॅग उघडली. खोवणी काढली आणि चुलीपाशी, चाचीच्या विळीशेजारी, ठेवली.

आता आमच्या आळीत दुपारचं पिंजण वाजतं. रसूलच्या गादीचा कापूस पिंजून पिंजून इतका हलका झालाय की दार उघडं राहिलं तर घरातनं निघून जाईल. रंगुबाईनं आपली जुनी गादी पाठवली, मग सुतारांनी, मग अख्ख्या आळीनं. चाचीचे खांदे फार वेळ चालत नाहीत, म्हणून मुबीना शिकली. पहिल्यांदा तिची मोगरी भलतीकडंच पडायची आणि फरदीन एक डोळा उघडून बघायचा. आता बघत नाही.

मागच्या आठवड्यात मी तिथं होतो. मुबीना पिंजत होती. फरदीन झोपलेला. चाची भिंतीकडं पाठ करून आडवी झालेली, आणि जीनत तिच्या पाठीवर थापटत होती.

"दादी, शेळी वडूजला आली. मग?"

"मग काय. तितनं म्होरं मी कवा गेलीच न्हाई. तुज्या दादाजीनं म्हणलं हुतं, पुढल्या साली वाईला जाऊ. ते ऱ्हायलं. न बघितलेलं कसं सांगू गं?"

"मग मी सांगती," जीनत म्हणाली. "मी लय बघितलंय." आणि शेळीच्या पायाच्या चालीनं थापटत तिनं सांगायला घेतलं. शेळी वडूजच्या ठेसनात गेली. वडूजला रेल्वे नाही, पण कुणी बोललं नाही. शेळी गाडीत बसली. खिडकीची जागा मिळाली. गाडी चालली, चालली, चालली. नारळ दिसला. थांबली. एक नारळ खाल्ला. दुसरा खाल्ला. मग मोठी नदी आली. शेळीनं विचारलं, ही कृष्णामाई हाय का? तर नदी म्हणाली, मला मराठी येत न्हाई.

ट्वँव, ट्वँव, ठक. कापूस उन्हात चढत होता.

भगदाडात लीलाबाईचं तोंड आलं. धैर्यशीलचा फोन आला होता वाटतं, कारण तिच्या हातात मोबाईल होता.

"मेहरुन, कुटं आली गं शेळी? पोरगं इचारतंय."

जीनतनं वळून बघितलं. चाचीचा पदर तोंडावर आला होता आणि तो घोरण्याबरोबर वर-खाली होत होता.

"दादी झोपली," जीनत म्हणाली. "सांगा त्यास्नी, शेळी गाडीत हाय."